पॅरालिसिसला चार महिने झाले, बाबांचा उजवा हात आता सुधारेल का?

मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घरात सगळ्यांनी व्यायामाचा नाद सोडलाय, असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांचं खरं आहे. पण त्या पेशींचं काम मेंदूचा शेजारचा भाग बऱ्याचदा थोडंफार उचलतो. त्यासाठी हात कामाला जुंपावा लागतो.

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझं भांडण पेशंटशी कमी, घरच्यांशी जास्त. एका घरी आबांचा घास तोंडापर्यंत पोचायच्या आत सूनबाई म्हणतात, "राहू दे आबा, सांडतंय, मी भरवते." माया आहे, कबूल. पण रोज असं झालं की न वापरायचीच सवय लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांना हे आधी माकडांत दिसलं. एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्यावर माकडं तो हात वापरेनात. चांगला हात बांधला, तेव्हा वापरू लागली. पुढे तीच युक्ती माणसांवर केली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत झटक्याला 3 ते 9 महिने झालेले 222 पेशंट होते. दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा आणि कमजोर हाताकडून कसून सराव. फायदा वर्षानंतरही टिकला. तेव्हा चार महिने म्हणजे गाडी सुटली असं नाही. मात्र मनगट-बोटं थोडी तरी उघडणारेच त्यात घेतले होते. हात पूर्ण लुळा असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर मोज्याच्या फंदात पडू नका.

सराव ओळखीच्या कामाचा द्या. गुळाच्या अडतीवर हयात घालवलेले एक आजोबा प्लास्टिकच्या रिंगा बघून तोंड फिरवायचे, "पोरांचा खेळ मांडलाय व्हय?" परातीत गुळाचे खडे ठेवले, तर एकेक उचलून डब्यात टाकायला लागले. आधी मोठे, मग बारीक. दहा-वीसदा करून भागत नाही, शेकड्यांनी करावं लागतं.

रबरी बॉल दाबत बसवू नका. मूठ आधीच आवळलेली असते, ती उघडायला शिकवायचीय. दाराला पुली टांगली असेल तर आजच काढा, कमजोर खांद्याचं तिनं वाटोळं होतं. उठवताना दुखऱ्या हाताला धरून ओढू नका. पाहुणे सांगतात त्या लकव्याच्या औषधापायी बीपीची गोळी तर अजिबात बंद करायची नाही. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा.

बाबांचं मनगट टेबलावरून किती वर उचलतं आणि अंगठा बाजूला होतो का, तेवढं कळवा. मग मोज्याचं ठरवता येईल.