खोडवा

"मॅडम, अर्धा एकर विकायला काढला तर भागतंय. करून घेऊ का तेवढं?"

'तेवढं' म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून शरीरात नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, डोळ्यात टोचून घेणं. काचबिंदूची तपासणी झाली की डॉक्टरांच्या खोलीतून माणसं माझ्या टेबलाशी येऊन बसतात आणि हल्ली त्यांतलं कुणी ना कुणी हा विषय काढतंच. मोबाइलवर एक व्हिडिओ असतो. त्यात निळ्या उजेडातला डोळा, मेंदूकडे झगमगत जाणारी नस आणि खाली फोन नंबर. डॉक्टरांना विचारायला लोक बिचकतात, कारण ते एका शब्दात 'नको' म्हणतील आणि विषय संपेल. समुपदेशकाकडे निदान चहा होईपर्यंत तरी बसता येतं. कोल्हापुरात हे काम करून मला चौदा वर्षं झाली. ही हकीकत एका घराची आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

तात्या कागल तालुक्यातले, वय बासष्ट. धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभं राहून रस नेमका कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं, तो गुळव्या. जरा उशीर झाला की गूळ काळपट पडतो, जरा घाई झाली की रवा धरत नाही. तात्या बुडबुड्यांवरून ओळखायचे आणि खात्रीसाठी थोडा रस गार पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांत दाबून बघायचे. हे सगळं त्यांना नीट दिसत होतं. काचबिंदूचं कपट ते हेच, समोरचं उशिरापर्यंत राहतं आणि कडेचं आधी जातं. काहिलीतला रंग दिसायचा, पण डाव्या अंगानं बादली घेऊन येणारा गडी दिसायचा नाही. असाच एकदा धक्का लागला आणि पायावर गरम काकवी सांडली. भाजलेला पाय बांधताना घरातल्यांच्या लक्षात आलं की हे गेले सहा महिने चौकटीला, खुंट्याला, म्हशीच्या शिंगालासुद्धा धडकतायत.

आमच्याकडे आले तेव्हा उजव्या डोळ्याची नस जवळजवळ गेलेली होती आणि डावीही अर्ध्यावर आलेली. डोळ्यातला दाब वाढला की डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी ही नस हळूहळू मरत जाते. तो दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो. तात्यांचा उजव्यात ३४ आणि डाव्यात ३०. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही. डॉक्टरांनी दोन औषधांचे थेंब सुरू केले आणि लागलं तर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले. महिन्याभरात दाब १६ वर आला. मग थोरल्या मुलानं मला अर्ध्या एकराचं विचारलं.

त्या दिवशी माझं चुकलं. मी त्याला नियम सांगत बसले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोन मॅरो प्रत्यारोपण वगैरे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. सगळं खरं आहे. तो "होय होय" म्हणत होता आणि त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेवरून फिरत होता. तात्या गप्प. जाताना मुलगा म्हणाला, "बघतो मॅडम, घरात बोलून." आमच्या भागात ह्याचा अर्थ काय होतो हे मला कळायला हवं होतं.

श्रावणात गेलेली माणसं दिवाळी करून आली. दाब २९ आणि २७. थेंब दोन महिने बंद. नव्या पेशी घालायच्याच आहेत तर जुनं औषध कशाला, असा घरात हिशेब झाला होता. शिवाय तात्यांचं म्हणणं असं, "थेंब टाकून काय फरकच न्हाई. तसंच दिसतंय." तसंच दिसणं हेच थेंबांचं काम असतं. पण बासष्ट वर्षांच्या माणसाला महिन्याकाठी आठशे रुपये घालून 'तसंच' विकत घ्यायला सांगणं सोपं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला शेजारी पट्टी काढल्यावर घड्याळातले आकडे वाचतो. ह्यांना आम्ही सांगतो की आयुष्यभर औषध घाला, गेलेलं येणार नाही. त्यापुढे 'परत येईल' म्हणणारा व्हिडिओ गोड लागणारच.

व्हिडिओतल्या त्या स्टेम सेल सेंटरला अजून पैसे दिलेले नव्हते. एका डोळ्याला एक लाख ऐंशी हजार सांगितले होते. ह्या वेळी मी नियमांचं काही काढलं नाही. म्हटलं, "तुम्हाला हे होईल असं कशावरून वाटतंय, ते मला दाखवा." मुलानं खिशातून एक घडी केलेलं कात्रण काढलं. बातमी खरी होती. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत स्टेम सेलच्या उपचारानं डोळे परत मिळालेल्या लोकांची होती.

आता इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबते. ती बातमी बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची होती. चुना किंवा ॲसिड डोळ्यात उडालं की हा पडदा जळतो. त्याच्या कडेनं गोल कड्यासारख्या स्टेम सेल असतात, पडदा त्यांच्यापासून सतत नवा होत असतो. त्या मेल्या तर दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन तिथे लावतात आणि तो धरतो. हे उपचार आपल्या देशात बरीच वर्षं होतायत. काचबिंदूत पडद्याला काहीच झालेलं नसतं. मरते ती मागची नस.

तात्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ताई, ऊस तोडला तरी खोडवा येतोय न्हवं? मग नशीला का फुटवा येऊ नये?"

इतक्या वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना विचारलं, खोडवा कशाला फुटतो? म्हणाले, "बुडख्याला. जमिनीत डोळा जिता पायजे." मग मी तेच धरून पुढे गेले. पुढच्या पडद्याच्या कडेला असा जिता बुडखा आहे, तिथे खोडवा येतो. मागच्या नसेत दहा-बारा लाख बारीक धागे असतात. एकेक धागा एकेका पेशीचा, डोळ्याच्या मागच्या पडद्यातून निघून थेट मेंदूत जाणारा. ती पेशी मेली की माणसात ती पुन्हा उगवत नाही. तिथे बुडखाच नाही.

"मग बाहेरनं बेणं आणून लावायचं," तात्या म्हणाले.

बरोबर, शास्त्रज्ञ तेच करू बघतायत. प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून अशा पेशी तयार होतात. जनावरांच्या डोळ्यांत त्या घालून पाहिल्या, थोड्याच जगतात. आणि जगून भागत नाही. प्रत्येकीनं आपला धागा नसेतून मेंदूपर्यंत न्यायचा आणि नेमक्या ठिकाणी जोडायचा. माणसात हे अजून कुणालाच जमलेलं नाही. तात्या थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे लागण हितं आणि पाट कोल्हापूरला." मी हसले. त्यांच्या मुलाला हसू आलं नाही.

त्याला मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले. स्पीकर लावून माझ्यासमोरच सेंटरला फोन करायला सांगितलं. हे मी आता प्रत्येकाला करायला लावते, माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पटतं. काचबिंदूचे किती रुग्ण केलेत आणि त्यांचे आधीचे-नंतरचे फिल्डचे, म्हणजे नजरेच्या घेराचे, रिपोर्ट दाखवाल का? चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर काय? पैसे कशाचे? रात्री डोळा दुखला तर कुणाकडे जायचं?

पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "सर, रिझल्ट खूप छान आहेत. तो नंबर रिसर्चवाल्यांसाठी असतो, आपली ट्रीटमेंट आहे ना. आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी केले तर वीस हजार कमी होतील."

एकाच दिवशी दोन्ही डोळे, हे ऐकल्यावर मला राहवेना. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकनं नेमकं हेच केलं होतं. ७२ ते ८८ वयाच्या तीन बायका, आजार काचबिंदू नव्हे तर डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागाचा, पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकदम टोचल्या. तिघींची होती ती नजरही गेली, एकीला तर उजेडसुद्धा कळेना. २०१७ साली त्यांना नंतर तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकात छापलं. हे मी मुलाला सांगितलं. पुढचं बोलले नाही, कारण तात्यांचा डावा डोळा त्याच्या शेजारीच बसला होता.

त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. खूप वेळानं म्हणाला, "ते थेंब मी आणत होतो."

कुठले थेंब, हे मला लगेच कळलं नाही. फाईल चाळली. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. हंगामभर चुलवाणाच्या धुरानं तात्यांचे डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. मुलगा कॉलेजात असल्यापासून गावातल्या मेडिकलमधून एक थेंबाची बाटली आणायचा. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. दोन दिवसांत लाली जायची, म्हणून दर हंगामात तीच बाटली. स्टेरॉइडची. असे थेंब महिनोन् महिने घातले तर काही लोकांच्या डोळ्यांचा दाब चढतो, आणि चढतो तो गुपचूप. डॉक्टरांनी त्या दिवशी बाटली बघून एवढंच म्हटलं होतं की हेही कारण असू शकतं. तात्या ते विसरून गेले होते. मुलगा श्रावणापासून तेच घेऊन फिरत होता.

म्हणजे अर्धा एकर स्टेम सेलसाठी नव्हताच. असं मी नंतर बऱ्याच घरांत पाहिलंय. जो सगळ्यात जास्त खर्चाला तयार असतो, त्याला काहीतरी फेडायचं असतं.

'तुमची काही चूक नाही' हे वाक्य अशा वेळी तोंडाशी येतं. मी ते गिळलं. ज्याला आपली चूक वाटते त्याला ते खोटं वाटतं आणि तो पुन्हा एकटा पडतो. जे ठाऊक होतं तेच सांगितलं. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. दाब प्रत्येकाचा चढत नाही. काचबिंदू घराण्यातही असतो, त्यामुळे तात्यांच्या भावाचे आणि तुमचे स्वतःचे डोळे तपासायला हवेत. बाटलीचा वाटा किती आणि रक्ताचा किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही.

तात्या समोर कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले, "आणलंस तू, घातलं म्या. आणि दुकानदारानं दिलं. तिघांत वाटून घिऊ. जमीन कशाला इकतोस त्यापायी?"

मुलगा बाहेर जाऊन आला. डोळे पुसून आला असावा, मी विचारलं नाही.

राहिलेला वेळ आम्ही थेंबांवर घालवला. हे काम कुणाला मोठं वाटत नाही, मला वाटतं. तात्यांच्या हातात साध्या अश्रूंच्या थेंबांची बाटली दिली आणि म्हटलं, घरी घालता तसं घाला. पहिला थेंब कपाळावर, दुसरा गालावर, तिसरा मिशीत. महिनाभर पुरणारी बाटली त्यांना बारा दिवसांत का संपायची ते कळलं. महिन्याचे आठशे रुपये होत होते ते त्यामुळेच. मग आडवं झोपून, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. शेवटी हे काम सूनबाईंकडे गेलं. रात्री नऊला, भाकऱ्या झाल्या की.

पुढचं थोडक्यात. दाब उतरला तरी डाव्या डोळ्याला तेवढ्यानं पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्याचं ऑपरेशन केलं. पाणी बाहेर जायला नवी वाट करून देतात ते. ह्यानंही नजर वाढणार नाही, हे मी घरातल्या प्रत्येकाकडून बोलून घेतलं. अगदी तात्यांच्या घरच्या काकींकडूनसुद्धा, कारण पट्टी काढताना सगळ्यात जास्त आशा त्यांच्याच चेहऱ्यावर असणार होती. डाव्याचा दाब आता १३ वर आहे. दोन वर्षांतल्या फिल्डच्या रिपोर्टांत काळे डाग पसरलेले नाहीत. धाकट्या भावालाही काचबिंदू निघाला, अगदी सुरुवातीचा. त्यानं ते स्टेरॉइडचे थेंब कधीच घातले नव्हते. मुलगा स्वतः अजून ठीक आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही भरला. नजर चांगली असून फक्त घेर आक्रसला असेल तरी ते मिळू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गुऱ्हाळावर आता काहिलीच्या डाव्या अंगानं कुणी यायचं नाही असा दंडक आहे. पायऱ्यांच्या कडांना चुन्याचे पट्टे ओढलेत. तात्या उभे राहतात, गोळी बघतात आणि "उतरवा" म्हणतात.

मागच्या महिन्यात आले तेव्हा त्यांची एक तक्रार होती. रात्रीच्या औषधानं उजव्या पापणीचे केस लांब झालेत. होतात, त्या औषधाचा तो गुणच आहे. मी तसं सांगितलं.

"व्हय, पर गुऱ्हाळावरची पोरं तमाशातली म्हणत्यात मला," तात्या म्हणाले. "कात्री लावली तर चालंल काय?"