घरकुलाचा हप्ता आणि ग्रामपंचायतीचा निधी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात घरकुलाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजेसचा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, गावात राहायचंय ना सगळ्यांना.

प्रश्न: ताई, घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता आला, त्यात पाया भरून घेतला. आता दुसऱ्या हप्त्याचं विचारलं की सरपंच म्हणतात वित्त आयोगाचे पैसे अडकलेत, ग्रामपंचायतीला निधी आला की तुमचं बघू. किती थांबायचं? पाऊस तोंडावर आलाय. (एक वाचक, मराठवाडा)

दादा, वित्त आयोगाच्या पैशाचा (म्हणजे केंद्राकडून गावाच्या कामांसाठी ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीचा) आणि तुमच्या हप्त्याचा काडीचाही संबंध नाही. हे दोन वेगळे खिसे आहेत, आणि एकातला पैसा दुसऱ्यात टाकता येत नाही, सरपंचांनी ठरवलं तरी येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के नि राज्याचा ४० टक्के, म्हणजे १ लाख २० हजारात ७२ हजार केंद्राचे आणि ४८ हजार राज्याचे. हा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतच नाही हो, तो डायरेक्ट तुमच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात पडतो. शिवाय रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. आणि योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना राज्याने २०२५ मध्ये वरचे ५० हजार जाहीर केले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सोलरला. तुम्ही कोणत्या टप्प्यात बसता ते मंजुरीपत्रावर बघा.

मग हप्ता अडकतो कुठे? बहुतेक वेळा फोटोत. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याला जिओ टॅगिंग करावं लागतं, म्हणजे मोबाईल ॲपमधून त्याच जागेवर उभं राहून बांधकामाचा फोटो काढायचा आणि तो सिस्टीमला चढवायचा. पाया झाला पण फोटो चढला नाही तर सिस्टीमच्या दृष्टीने तुमचा पाया झालेलाच नाही, मग तुम्ही कितीही सरपंचांच्या घरी चकरा मारा. फोटो चढवायचं काम असतं पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडे, एकेकाकडे बरीच गावं असतात त्यामुळे तो तुमच्याकडे आपणहून येईल याची वाट बघू नका, फोन करा, पाया झालाय म्हणून सांगा, आणि तो आला की तिथेच विचारून घ्या की फोटो अपलोड झाला का. नेटवर्क नव्हतं, रात्री ऑफिसवरून चढवतो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत फोन.

दुसरं कारण म्हणजे बँक. खातं बरेच दिवस वापरलं नाही म्हणून बंद पडलेलं असतं, आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं असतं, पैसे भलत्याच खात्यात जाऊन पडतात आणि माणूस मात्र जुनं पासबुक घेऊन रांगेत उभा. तिसरं कारण खरंच सरकारी असतं, राज्याचा किंवा केंद्राचा वाटा उशिरा सुटतो, तेव्हा अख्ख्या तालुक्याचे हप्ते थांबतात. तुमच्या एकट्याचा थांबलाय की सगळ्यांचा, हे शेजारच्या दोन गावांत विचारलं की लगेच कळतं. एकट्याचा थांबला असेल तर मंजुरीपत्रावरचा नोंदणी क्रमांक घेऊन पंचायत समितीच्या घरकुल कक्षात जा, तिथे कंप्युटरवर तुमची फाईल कोणत्या स्टेजला आहे ते दिसतं. सरपंचांना विचारू नका, त्यांच्या स्क्रीनवर ते नाहीये.

प्रश्न: आमच्या गावाला दरवर्षी लाखो रुपये येतात असं पेपरात वाचतो, मग मुख्य रस्त्यावर अंधार का? सदस्यांना विचारलं तर म्हणतात पैसे आहेत पण खर्च करता येत नाहीत. हे काय गौडबंगाल? (एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

गौडबंगाल कधीकधी असतंच, पण या वेळी सदस्य अर्धं खरं बोलतायत.

चौदाव्या वित्त आयोगाच्या वेळी, म्हणजे २०१५ ते २०२०, पैसे थेट ग्रामपंचायतीला यायचे आणि मोकळीकही बरीच होती. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी ठेवले, पण त्यातला ६० टक्के बंधित. बंधित म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार आणि ऑफिसखर्च करायचा नाही. समजा त्या काळात तुमच्या गावाला १० लाख आले असतील तर ३ लाख पाणी, ३ लाख स्वच्छता, आणि रस्ता, दिवे, शाळेची दुरुस्ती, स्मशानभूमी या सगळ्याला मिळून ४ लाख. त्यात पुन्हा २०२१ मध्ये शासनाने सांगितलं की रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल याच अबंधितमधून भरा आणि पाणीपुरवठ्याचं बंधितमधून. तेव्हा सरपंच मंडळी केवढी चिडली होती, आणि मला विचाराल तर बरोबरच चिडली होती, कारण विकासाचा पैसा थकीत बिलात गेला की नवीन खांबाला उरतं काय.

आता जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. पंधराव्या आयोगाच्या पैशातला ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के त्या दोघांना अशी आपल्याकडची वाटणी. पण निवडून आलेली बॉडी नसेल तर केंद्र त्या संस्थेचा हिस्सा सोडत नाही, आणि महाराष्ट्रात २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडणूक लांबली की नुसते पुढारीच रिकामे बसतात असं लोकांना वाटतं, तसं नाही, पैसाही थांबतो. लेखापरीक्षण ऑनलाईन चढवलं नाही तरी थांबतो. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे यापुढचा हिशोब विचारताना कोणत्या आयोगाचा पैसा हे आधी विचारा, नाहीतर जुने आकडे तोंडावर फेकून तुम्हाला गप्प करतील.

बाकी गावात दिसणारी सगळीच कामं वित्त आयोगातली नसतात. आमदारांनी सुचवलेलं पंचवीस-पंधराचं (राज्याच्या बजेटमधल्या २५१५ या लेखाशीर्षातलं) काम, जिल्हा नियोजनातून आलेलं जनसुविधेचं काम, आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजाराची वसुली, वर मुद्रांक शुल्कातला वाटा. कोनशिलेवर नाव कोणाचंही असो, पैसा कुठून आला ते अंदाजपत्रकात असतं. आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च दोन्ही उघडे दिसतात, लॉगिन पण लागत नाही. सदस्य खरं बोलतात का ते तिथे बघा. बंधितचा पैसा शिल्लक असेल आणि गटारंही तुंबलेली असतील तर मग 'खर्च करता येत नाही' हे चालणार नाही, ते काम बंधितमध्येच बसतं.

प्रश्न: घरी फ्रीज आणि जुनी मोटरसायकल आहे म्हणून सर्व्हेला आलेला माणूस म्हणाला तुमचं नाव बसणार नाही. खरं आहे का? (एक भगिनी, विदर्भ)

नाही, ती जुनी अट होती. आधी अपात्रतेच्या १३ अटी होत्या, नव्या टप्प्यात १० ठेवल्या, आणि फ्रीज, दुचाकी, लँडलाईन या अटी काढून टाकल्या. आता बघतात ते तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, ट्रॅक्टरसारखं यंत्र, ५० हजार किंवा त्यावर मर्यादा असलेलं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, महिना १५ हजाराच्या वर कमावणारं कोणी, आयकर किंवा व्यवसाय कर भरणारं कोणी, सरकारकडे नोंदणी केलेला बिगरशेती धंदा, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत. यातलं काही नसेल नि घर कच्चं असेल तर त्या माणसाला नोंद घ्यायला सांगा. घेत नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय न दिला काय.

प्रश्न: तीन वर्षांची घरपट्टी थकलीय. ग्रामसेवक म्हणतात आधी ती भरा मगच घरकुलाचं नाव पुढे पाठवतो. कायद्यात असं आहे का? (एक वाचक, खानदेश)

वरच्या दहा अटी परत वाचा, घरपट्टी त्यात कुठेच नाही. थकबाकी वसूल करायला ग्रामपंचायतीकडे मागणी बिल, नोटीस, जप्ती असे स्वतःचे मार्ग आहेत, त्यासाठी तुमचं घरकुल ओलीस धरायचं कारण नाही. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) शांतपणे सांगा की हे मला लेखी द्या. लेखी म्हटलं की बरेच नियम हवेत विरतात.

पण एक बोलू का, रागावू नका. घरपट्टी भरा. त्यांच्या धमकीमुळे नाही, वर दिवे नाहीत म्हणून ज्यांनी विचारलंय ना, त्यांच्या गावातही निम्म्या लोकांनी भरलेली नसणार. वित्त आयोगाच्या पैशाला अटी असतात, घरपट्टीचा पैसा मात्र गावाचा स्वतःचा, त्यातून शिपायाचा पगारही होतो नि बल्बही येतो. नियमाने त्यातलाच १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, म्हणजे वसुली शून्य तर तेही शून्य. एकदम जमत नसेल तर हप्त्याने भरतो म्हणून अर्ज करा.

प्रश्न: यादीत नाव आहे पण जागाच नाही, भावाच्या घरात राहतो. मंजुरी रद्द होईल का? (एक वाचक, कोकण)

लगेच रद्द करू देऊ नका. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला १ लाखापर्यंत मदत आहे, आधी ५० हजारच होती. कोकणात रस्त्याकडेला एक लाखात काय मिळणार म्हणाल, तर ते खरंच आहे, पण आत वाडीत मिळू शकतं. दोघातिघा भूमिहीन लाभार्थ्यांनी मिळून एकच तुकडा घेतला तर विकणाराही तयार होतो. गावठाणात सरकारी जागा शिल्लक आहे का हेही ग्रामपंचायतीकडे लेखी विचारा. आणि भावाने जागा दिली तर तोंडी नको, कागद करा, आज गोडी आहे उद्याचं कोणी बघितलंय.

प्रश्न: आम्ही नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो, घर स्लॅबचंच आहे पण गळतं. दुरुस्तीला अनुदान मिळेल का, की ते फक्त खेड्यातच? (एक वाचक)

पक्क्या घराच्या गळतीला नाही मिळत. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाख आहेत, दीड केंद्राचे आणि एक राज्याचा, पण वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि कुटुंबात कोणाच्याच नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. तुमचा अर्ज तिथेच अडेल. एजंट म्हणेल घर कच्चं दाखवू, त्याच्या नादी लागू नका, फोटो काढायला माणूस येतोच.

प्रश्न: पुढचा फोटो काढायला पाच हजार मागितलेत. दिले नाहीत तर हप्ता जाईल अशी भीती वाटते. (नाव छापू नये)

हप्ता जात नाही, उशीर करतील फार तर. देऊ नका, आणि भांडूही नका, नाही म्हणायच्या आधी १०६४ वर फोन करा, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे. ते आधी पडताळणी करतात, म्हणजे समोरचा खरंच मागतोय का हे तपासतात, मग सापळा लावतात, आणि त्यासाठी मागणी चालू असतानाच तक्रार झालेली बरी. एकदा पैसे देऊन बसलात की सापळा कशाचा लावणार. फोनवर मागत असेल तर रेकॉर्डिंग ठेवा. घरातल्यांशिवाय कोणाला सांगू नका, विशेषतः गावातल्या त्या माणसाला, ज्याच्या मार्फत निरोप आलाय.