कोलकात्याला जरूर जा, पण आधी कार्ड मिटवा

अकोला जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं पत्र आहे. लग्नाला पंधरा वर्षं होतायत, मुलगा आजीकडे राहायला तयार आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायकोने चार दिवस कोलकाता बघून यायचं ठरवलंय. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका हॉलिडे क्लबचं 25 वर्षांचं सदस्यत्व तीन लाखांना घेतलं. क्लबचं कोलकात्यात काहीच नाही. आता क्लबवाले म्हणतात, आणखी दीड लाख भरून अपग्रेड करा, म्हणजे मोठ्या शहरांतली हॉटेलंही मिळतील. करावं का, एवढाच प्रश्न. पण पत्राच्या शेवटी असंही लिहिलंय: "सदस्यत्वाचे काही पैसे ह्यांच्या क्रेडिट कार्डावर घेतले होते. 1,40,000 बाकी आहे, पण मिनिमम सात हजार दर महिन्याला न चुकता भरतो, त्यामुळे काळजी नाही. तीन लाखांची एफडी अडीअडचणीला ठेवलीय, तिला हात लावत नाही. आठव्या वेतन आयोगाचा फरक आला की कार्ड एकदम भरून टाकू."

ताई, अपग्रेड करू नका. दीड लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेदहा हजार व्याज येतं. तेवढ्यात कोलकात्यात दोघांना पुरेल अशी साधी, स्वच्छ खोली चार रात्री मिळते. दरवर्षी मिळते, आणि मुद्दल तुमचंच राहतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

आता कार्डाकडे वळू. काळजी नाही असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रात काळजी करण्यासारखं तेवढंच आहे.

कार्डाचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के. 1,40,000 वर 4,900. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की जवळपास 5,800. तुम्ही भरता सात हजार. म्हणजे मुद्दल फिटतं बाराशे रुपयांनी, आणि तेवढी नवी खरेदी कार्डावर महिन्याभरात होतेच. तीन वर्षांत अडीच लाखांच्या आसपास भरून झालेत आणि बाकी हलायला तयार नाही, त्याचं कारण हे. वर्षाला सत्तर हजार नुसत्या व्याजात जातायत. तुमची कोलकात्याची सहल पस्तीस हजारांत होते.

मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, बस. व्याज एक दिवसही थांबत नाही. उलट बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. किराणा असो वा रेल्वेचं तिकीट, व्याज त्याच दिवसापासून चालू. ह्यांचं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि दोघांनी मिळून वाचा. फक्त मिनिमम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने लांबेल, ही सूचना छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. ती बहुधा बारीक अक्षरात सापडेल.

एफडी अडचणीला ठेवलीय ना? मग अडचण आलेली आहे. त्या एफडीतले 1,40,000 वर्षाला दहा हजारसुद्धा कमवत नाहीत, आणि तेवढ्याच उधारीवर तुम्ही सत्तर हजार देताय. बँकेत विचारा, थोडी रक्कम काढता येत असेल तर तेवढीच काढा. नसेल तर पूर्ण मोडा, कार्ड मिटवा आणि उरलेल्या 1,60,000 ची नवी एफडी करा. मुदतीआधी मोडल्याचा दंड फार तर कार्डाच्या एक-दीड महिन्याच्या व्याजाइतका असेल. मोडायला मन धजत नसेल तर एफडीवर कर्ज घ्या. नऊ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला बारा-तेरा हजार. भरण्याआधी बँकेला फोन करून त्या दिवशीचा पूर्ण आकडा मागा, कारण शेवटच्या बिलानंतरचं व्याज पुढच्या बिलात येतं आणि तेवढ्यासाठी पुन्हा चक्र सुरू होतं.

आयोगाच्या फरकाची वाट पाहू नका. केंद्रानंतर राज्य, राज्यानंतर जिल्हा परिषद. सातव्या आयोगाच्या वेळी आपल्या राज्यात थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत दिली गेली, आणि ज्यांचं भविष्य निर्वाह निधीचं खातं होतं त्यांची तर हातात न पडता त्या खात्यात जमा झाली. त्या आशेवर महिना 5,800 भरत बसणं परवडणार नाही.

क्लबबद्दल. वार्षिक देखभाल शुल्क सोळा हजार म्हणता. ते अजिबात वाढलं नाही तरी 25 वर्षांत चार लाख. तीन लाखांची वस्तू सात लाखांची झाली. "हवं तेव्हा विकता येतं, भाव चढतच जातो" हे मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरून घेणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य आहे, आणि ते ऐकून माझा अजूनही संताप होतो. अशा सदस्यत्वाला नंतर गिऱ्हाईक मिळत नाही. करारपत्रात बाहेर पडण्याची अट आणि शुल्क थांबवल्यास काय होतं, हे दोन मुद्दे वाचा. लेखी दिलेलं पाळलं नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा लवकर. गेलेले तीन लाख वसूल करण्यासाठी आणखी दीड लाख घालणं मात्र मुळीच नको.

सहल रद्द करायची गरज नाही. कार्ड या महिन्यात मिटलं तर जुलैपासून तेच सात हजार बाजूला ठेवा. पाच महिन्यांत पस्तीस हजार. थर्ड एसीने दोघांचं जाणं-येणं सात हजारांच्या आसपास, खोलीचे दहा, खाणं-फिरणं आठ, उरलेले साडीला आणि हाताशी. गीतांजली एक्सप्रेस अकोल्याला थांबते आणि थेट हावड्याला नेते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढा, आणि क्रेडिट कार्डाने नको. दिवाळीच्या अमावास्येला तिथे कालीपूजा असते, दक्षिणेश्वरला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून भाऊबीज आटोपून निघा. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद असतात. तो दिवस हावड्याहून बाबूघाटाला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी ठेवा; तिचं तिकीट अगदी किरकोळ आहे.