ब्लँक सोडायची लाज वाटते तेव्हा

‘कोर्स केला, परीक्षा पास झालो, तरी काम मिळत नाही. मिळालं तर टिकत नाही. हे काम माझं नव्हेच का?’ मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकून टाइप करण्याच्या कामात, नव्याने आलेली माणसं माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात ती बहुधा हा प्रश्न घेऊन. काम मिळण्याची अडचण एका कारणाने येते, काम टिकण्याची दुसऱ्याच. पण सलग नकार ऐकून थकलेला माणूस दोन्हींची मोट बांधतो आणि ‘मी नालायक’ म्हणून मोकळा होतो.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय तिशीच्या पुढे. आधी बरीच वर्षं औषधांच्या काउंटरवर काम केलेलं, त्यामुळे औषधांची नावं तोंडपाठ. मग मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा कोर्स केला. वर्गात टर्मिनॉलॉजीत ते सगळ्यांच्या पुढे असायचे. ‘तुम्हाला काय, सहज काम मिळेल,’ असं सगळेच म्हणायचे. त्या वाक्याचं ओझं किती झालं होतं, ते पहिल्या भेटीत अर्धा तास बोलल्यावर कळलं.

काम शोधण्याचा भाग आधी उरकते, कारण तो तुलनेने सरळ होता. जिथे तिथे ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ अशी अट, आणि हे त्याच जाहिरातींना एकच बायोडेटा पाठवत राहिले. अनुभवी लोकांसाठीच्या जागेवर नवख्याचा अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. नवीन लोकांना बॅचमध्ये घेऊन स्वतः शिकवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, आणि तिथे बायोडेट्यापेक्षा टेस्ट फाइलला वजन असतं. बायोडेट्यात ‘कोर्स पूर्ण’ एवढंच होतं. आम्ही त्यात भर घातली ती कोणत्या स्पेशालिटीची किती तास डिक्टेशन्स केली, कोणते रिपोर्ट येतात (हिस्टरी अँड फिजिकल, ऑपरेटिव्ह नोट, डिस्चार्ज समरी), कोणत्या शिफ्टला बसायची तयारी आहे, याची. एवढ्याने दारं उघडली असं नाही, पण टेस्टची बोलावणी येऊ लागली. जाता जाता एक सांगते. काम देण्याआधी डिपॉझिट, सॉफ्टवेअरची फी किंवा ‘फाइल्सची हमी’ म्हणून पैसे मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. ‘टेस्ट’च्या नावाखाली तासन् तासाच्या फाइल्स फुकट करून मागणाऱ्यांनाही. हताश माणूस नेमका इथे सापडतो.

पहिलं काम लागलं आणि प्रोबेशनमध्येच सुटलं. दुसरं लागलं. तिथे प्रत्येक फाइल क्यूएकडे, म्हणजे चुका तपासणाऱ्या माणसाकडे, जात होती आणि अ‍ॅक्युरसी हवी त्याच्या खाली राहत होती. बहुतेक ठिकाणी ९८ टक्के किंवा त्याहून वरची अपेक्षा असते. ऐकायला दोनच टक्क्यांची सूट वाटते, पण फाइल छोटी असेल तर दोन-तीन चुकांतच ती संपते. माझ्याकडे पुन्हा आले तेव्हा त्यांना लेखी ताकीद मिळालेली होती.

‘फीडबॅक शीट वाचता का?’ मी विचारलं.

‘टक्के बघतो आणि बंद करतो.’

हे उत्तर मी इतक्यांकडून ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही. टक्के म्हणजे निकाल. निकाल वाईट लागला की उत्तरपत्रिका कोण बघतो? पण माणूस सुधारतो ती उत्तरपत्रिका बघून. मी त्यांना चुकांची यादी हाताने लिहून आणायला सांगितलं. फक्त शब्द लिहायचे: ऐकायला काय आलं, लिहिलं काय, बरोबर काय होतं. रुग्णाचं नाव, तारीख, रिपोर्टचा मजकूर यातलं काहीही नको. रुग्णाची माहिती समुपदेशकालाही दाखवायची नसते. अमेरिकेतल्या फाइल्सना रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा हिपा कायदा लागू होतो, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

यादी घेऊन ते आले आणि आम्ही तिचे ढीग केले. एका ढिगात फॉर्मॅटच्या आणि अकाउंटच्या, म्हणजे काम देणाऱ्या हॉस्पिटलच्या, सूचनांच्या चुका. या हॉस्पिटलला तारखा अशा हव्यात, त्या डॉक्टरला हेडिंग असं हवं, वगैरे. त्या सूचनांचा कागद स्क्रीनशेजारी चिकटवला की हा ढीग आपोआप आटतो. दुसऱ्या ढिगात खरोखर ऐकू न आलेलं. कोर्समधली डिक्टेशन्स स्वच्छ असतात. खऱ्या फाइलमध्ये डॉक्टर चालता चालता बोलतो, मागे मॉनिटर वाजत असतो, मधेच तो नर्सला काहीतरी सांगतो, परत येतो आणि मागचं वाक्य खोडायला सांगतो. त्यात उच्चार ओळखीचे नसले की पहिले काही आठवडे कान बधिर झाल्यासारखे वाटतात. हा ढीग वेळ घेतो, पण तोही कमी होतो.

तिसरा ढीग सगळ्यांत मोठा नव्हता, पण नोकरी त्यानेच जात होती. त्यात ऐकू न येता, आलं असं समजून लिहिलेले शब्द होते, आणि बहुतेक औषधांची नावं. गुडघेदुखीचा उल्लेख असलेल्या एका फाइलमध्ये त्यांनी सेलेब्रेक्स लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते सेलेक्सा. पहिलं सांधेदुखीवर देतात, दुसरं नैराश्यावर. नावाने जवळचं सेरेबिक्स म्हणून तिसरं औषध आहे, ते झटक्यांसाठी. हायड्रॉक्सिझीन आणि हायड्रॅलाझीनचं तेच: एक खाज-अ‍ॅलर्जीवर, दुसरं रक्तदाबावर. गंमत अशी की औषधांचं काहीच ज्ञान नसलेला नवखा इथे अडखळून थांबला असता. यांना माहिती होती, म्हणून मेंदू रिकामी जागा झटकन भरत होता. जाणकार नवख्यांची ही फसगत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नर्सिंग करून आलेले, लॅबमधून आलेले, सगळे यात सापडतात.

‘शंका होती ना तिथे? मग ब्लँक का नाही सोडलात?’ मी विचारलं. न लागलेल्या शब्दाच्या जागी सोडलेली रिकामी जागा म्हणजे ब्लँक.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ब्लँक सोडला की मला येत नाही हे क्यूएला कळतं. इतकी वर्षं औषधांत काढली, आणि औषधाच्याच नावाला ब्लँक?’

मी विचारलं, ‘काउंटरवर चिठ्ठीतलं अक्षर लागलं नाही तर काय करायचात?’

‘डॉक्टरांना फोन.’

‘त्याची लाज वाटायची?’

‘छे! अंदाजाने औषध द्यायचं म्हणजे…’ आणि ते थांबले.

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही, मीही नाही.

ट्रान्स्क्रिप्शनमध्ये सगळ्या चुका सारख्या मोजत नाहीत, हे नव्या लोकांना सांगितलेलं असतं, पण मनात उतरलेलं नसतं. स्वल्पविराम चुकला तर थोडे गुण जातात. औषध, मात्रा, डावं-उजवं चुकलं किंवा ‘नाही’ गळलं तर ती क्रिटिकल चूक, कारण त्या रिपोर्टवर पुढचा डॉक्टर उपचार करणार असतो. ‘छातीत दुखत नाही’मधला ‘नाही’ गेला की रुग्णच बदलला. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये धोकादायक संक्षेपांची यादी लागू केली, तिच्या मुळाशी हेच आहे. युनिटसाठी लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा वाचला जातो आणि इन्शुलिनची मात्रा दहापट होऊ शकते. १.० मधला टिंब दिसला नाही तर १० होतात, म्हणून नुसता १ लिहायचा. असा प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या अपायातून आलेला आहे. हे कळलं की स्टाइलच्या नियमांची कटकट जरा कमी वाटते.

त्यानंतर आम्ही कामाची एक रीत ठरवली. शब्द लागला नाही तर तिथे अडून बसायचं नाही, पुढे जायचं आणि फाइल संपवायची. डॉक्टर तेच औषध शेवटी उपचारांच्या प्लॅनमध्ये पुन्हा आणि बहुधा जास्त स्पष्ट म्हणतो. मग मागे येऊन आजार, तपासण्या, मात्रा यांच्याशी जुळतंय का ते बघायचं. इलियमसारखा शब्द तर कानाने सुटतच नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोन्हींचा उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. तो आसपासच्या वाक्यांवरूनच ठरवायचा. डिस्फेजिया की डिस्फेझिया, गिळता येत नाही की बोलता येत नाही, हेही तसंच. एवढं करून खात्री नसेल तर ब्लँक, शेजारी ऑडिओची वेळ आणि ‘असं काहीतरी ऐकू येतं’ ही नोंद. अशी नोंद असलेला ब्लँक क्यूएला मिनिटभरात भरता येतो. बेमालूम बसवलेली चूक मात्र क्यूएच्याही नजरेतून सुटू शकते.

हे केल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं नाही. ब्लँक वाढले आणि क्यूएने त्यावरही शेरा मारला. तो शेरा चुकीचा नव्हता, कारण भरमसाट ब्लँक असलेली फाइलही कुणाला नको असते. तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली, जी करायला नवीन माणसं फार कचरतात: टीम लीडकडे जाऊन मागणी केली. ‘मला काही आठवडे ठरावीक डॉक्टरांच्याच फाइल्स द्या. क्रिटिकल चुका बंद करतोय, ब्लँक त्यामुळे वाढलेत, तेही कमी करून दाखवतो.’ लीडने मान्य केलं. तोच आवाज रोज कानावर पडला की डॉक्टरची लकब कळते, आवडती वाक्यं कळतात, नेहमीची औषधं कळतात. ब्लँक उतरले. अ‍ॅक्युरसी वर आली. ताकीद मागे घेतली गेली.

या काळात पैसे कमी मिळत होते, तेही सांगायला हवं. कामाचा हिशोब सहसा ओळींवर होतो. एक ओळ म्हणजे जागा धरून ६५ अक्षरं, हे सर्वांत रूढ माप. सुरुवातीला एका मिनिटाच्या डिक्टेशनला आठ-दहा मिनिटं लागली तर नवल नाही, त्यामुळे महिन्याच्या अखेरीला आकडा बघून रडू येतं. रडू आलं की माणूस वेग वाढवतो, वेगाने चुका वाढतात, चुकांनी फाइल्स कमी मिळतात. म्हणून पहिल्या महिन्यांत घर या कमाईवर चालवायचं नाही, अशी काहीतरी सोय शक्य असेल तर आधीच करावी, असं मी प्रत्येकाला सांगते. ज्यांना ती शक्य नसते त्यांनी अर्धवेळ दुसरं काम धरून यात पाय टाकला तर त्यात कमीपणा काही नाही.

आणि मशीनचं काय? हा प्रश्न हल्ली पहिल्या दहा मिनिटांत येतो. मी खोटा दिलासा देत नाही. स्पीच रेकग्निशनमुळे, म्हणजे बोललेलं मशीनच लिहू लागल्यामुळे, शुद्ध टायपिंगचं काम घटलंय, अमेरिकेच्या कामगार खात्याचे अंदाजही या व्यवसायात घट दाखवतात. उरलेल्या कामात बराच भाग एडिटिंगचा, म्हणजे मशीनने लिहिलेलं ऐकून सुधारण्याचा, आहे आणि त्याला ओळीमागे दर कमी मिळतो. पण २०१८ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, तो मी अशा वेळी आवर्जून सांगते. मशीनने लिहिलेल्या कच्च्या नोट्समध्ये दर १०० शब्दांमागे सातहून जास्त चुका होत्या, म्हणजे ७.४ टक्के. ट्रान्स्क्रिप्शनिस्टच्या नजरेखालून गेल्यावर ते प्रमाण ०.४ टक्क्यांवर आलं. मशीन तेव्हापासून सुधारलंय, हे खरं. तरी त्याची एक सवय फारशी गेलेली नाही: लागलं नाही तरी ते काहीतरी लिहितं, आणि छान, ओघवत्या वाक्यात लिहितं. खात्री नसताना ठामपणे बोलायची तीच खोड आमच्या गृहस्थांनी इतक्या कष्टाने सोडली होती. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

पुढे ते अकाउंटच स्पीच रेकग्निशनवर गेलं आणि त्यांची टीम मोडली. दुसरं कामही सुटलं, पण यावेळी कारण त्यांच्या चुका नव्हत्या, आणि हा फरक ओळखून त्यांनी मला ‘नालायक’ हा शब्द न वापरता फोन केला. जुन्या टीमच्या लीडने शिफारस दिली. तिच्या जोरावर एका ठिकाणी एडिटिंगची टेस्ट मिळाली, पहिल्या खेपेला हुकली, काही महिन्यांनी पुन्हा दिली. आता ते एडिटिंग करतात आणि बरोबरीने मेडिकल कोडिंग, म्हणजे आजार-उपचारांना ठरावीक कोड देण्याचं काम, शिकतात. टर्मिनॉलॉजी तिथेही लागते. वर्षअखेरपर्यंत ठरावीक कमाई झाली नाही तर कोडिंगकडे पूर्ण वळायचं, असं त्यांनी घरच्यांशी बोलून ठरवलंय. ती मुदत त्यांनी स्वतः घातली आहे, मी नाही.