विषय नंबर एक आधी वाच

पोरी,

तू जिल्हा परिषदेची, म्हणजे आमच्या भाषेत झेडपीची, मेंबर म्हणून निवडून आलीस, त्या निकालाच्या दिवशी तुझा फोन काही लागला नाही, गुलाल धुण्यातच दोन दिवस गेले असतील, म्हणून आता लिहूनच टाकतो. मी झेडपीत तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, लिहिण्यात, त्यामुळे मला मेंबर लोक भाषणावरून नाही, कागदावरून आठवतात.

अध्यक्ष म्हणजे जिल्ह्याचा मालक हे आधी डोक्यातून काढ. १९६१ च्या झेडपी कायद्याने सभागृह ठराव करतं आणि राबवायचं काम सीईओचं, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं, आणि सीईओ हा सरकारने पाठवलेला माणूस, तुमच्यातून निवडून आलेला नाही. अध्यक्षपद अडीच वर्षांचं, तुझी मेंबरकी पाच. जनरल बॉडी साधारण तीन महिन्यांनी बसते, मधल्या काळात सगळं शिजतं ते स्थायी समितीत आणि विषय समित्यांत. नव्या बाईमाणसाला हमखास महिला-बालकल्याणात बसवतात, ती समिती वाईट नाही, पण तू बांधकाम किंवा अर्थ माग, नाही दिली तरी मागितल्याचं दिसू दे.

आता खरी गोष्ट. एक मेंबर होते, शाळेच्या गळक्या खोल्यांवर पाऊण तास बोलले, टेबल बडवलं, पेपरात फोटो पण आला. मी प्रोसिडिंगात एकच ओळ लिहिली, "सदर विषयावर सभागृहात चर्चा झाली." दुसरं काय लिहिणार, ठराव मांडलाच नव्हता, ना सूचक ना अनुमोदक. पुढच्या सभेला विषय नंबर एक आला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सगळे चहात गुंग, मागून कोणीतरी "कायम, कायम" ओरडलं आणि झालं कायम. खोल्या गळतच राहिल्या, आणि साहेब मलाच विचारतात, अहो मी बोललो होतो ना?

म्हणून बोलणं संपवताना स्पष्ट म्हण, "असा ठराव मी मांडते". अनुमोदन कोण देणार ते आदल्या दिवशीच ठरवून ठेव, आणि खाली बसायच्या आधी कारकुनाकडे बघ, पेन चालतंय का. (आम्हाला राग येतो, येऊ दे.)

पैशाचं थोडक्यात सांगतो. सेस फंड तेवढा झेडपीचा स्वतःचा, तो थोडाच असतो, बाकी सगळं सरकारी योजनांचं नाहीतर डीपीसीचं, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचं, आणि डीपीसीत अध्यक्ष पालकमंत्री. शिवाय प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणून लगेच नारळ फोडू नकोस, अजून तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर बाकी असतं आणि लोक तुला रस्त्यात अडवून विचारतात.

तुझ्या गटात, म्हणजे तुझ्या झेडपी मतदारसंघात, पंचायत समितीचे दोन गण (मतदारसंघ) आहेत, तिथल्या पंचायत समिती मेंबरांशी जमवून घे, भले पार्टी वेगळी असो, त्यांच्यातला कोणी सभापती झाला तर तो झेडपीतही तुझ्या शेजारी बसणार आहे.

पहिल्या सभेची नोटीस आली की सोबतचे सगळे कागद घेऊन घरी ये, चष्मा लावून दोघं बसून वाचू.

तुझा काका