इंजिन खोलू देण्याआधी

भाऊ, उन्हाळ्यात गाडी तापली की गॅरेजवाला लगेच म्हणतो, "हेड गॅसकेट गेलं, इंजिन खोला लागते." तिथंच हो म्हणू नका. (हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील.) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी पाहा. कमी असेल तर होज पाइपच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखाली ओल शोधा. मग गाडी चालू ठेवून तापमानाचा काटा चढल्यावर रेडिएटरचा फॅन फिरतो का ते बघा. फिरत नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) तपासा. रेडिएटरच्या जाळीत धूळ, कापसाचे तंतू अडकले तरी गाडी तापतेच. गॅसकेट खरंच गेलं असेल तर बहुतेक वेळा डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसतं, कूलंटमध्ये बुडबुडे येतात, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटतच राहतो. यातलं एकही नसेल तर आधी प्रेशर टेस्ट (दाब देऊन कूलंटची गळती शोधणं) करायला लावा.

एसीचा गॅस "संपत" नाही, गळतो. गळती न शोधता भरला तर पैसे पाण्यात.

ब्रेक पॅडचं अस्तर 3 मिमीच्या वर असेल तर सहसा घाई नको.

पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. नागपूर-अमरावतीहून पार्ट मागवला असेल तर डब्यावरची एमआरपी आणि पार्ट नंबर बिलाशी जुळवा, आणि जुना पार्ट डिक्कीत टाकायला सांगा. द्यायला कुरकुर केली तर समजून जा.