माकडं अजून माणूस का होत नाहीत?

प्रश्न: ताई, माझा मुलगा चौथीत आहे. वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत शेवटी माणूस, हे रांगेतलं चित्र बघून त्यानं विचारलं, मग आपल्या सोसायटीत येणारी माकडं अजून माणूस का नाही झाली? मला उत्तरच देता आलं नाही. काय सांगू?
– एक आई, नाशिक

उत्तर: त्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे हो, घोळ त्या चित्रात आहे. आत्ताची माकडं आपले पणजोबा नाहीत, लांबची भावंडं आहेत. त्याला घरातलंच सांगा, चुलत बहीण मोठी होऊन तू होणार आहे का, नाही ना, पण आजी-आजोबा तर दोघांचे एकच. चिंपांझीचे आणि आपले असे एकच पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होते, सोसायटीतल्या माकडांशी नातं त्याहून लांबचं.

मग त्याचे पाय ओले करून फरशीवर चालायला लावा, शहाबादी असेल तर ठसा मस्त उठतो. टाच, चवडा, मधे आतल्या बाजूला कोरडी जागा, आणि अंगठा बाकी बोटांच्या रांगेत. चिंपांझीच्या पायाचा अंगठा आपल्या हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला असतो, फांदी धरायला. आता लेटोलीची गोष्ट सांगा. टांझानियात 1978 मधे आदिमानवाच्या खुणा शोधणाऱ्या शास्त्रज्ञ मेरी लीकींच्या टीमला ज्वालामुखीच्या राखेत पावलं सापडली, पावसानं भिजलेल्या राखेवरनं कुणी चालत गेलं आणि नंतर ती घट्ट झाली, मोठी पावलं आणि शेजारी लहान पावलं, वय सुमारे 36 लाख वर्षं आणि अंगठा आपल्यासारखाच पुढं!

आणि एक नक्की सांगा, कारण मोठ्यांनाही वाटतं की आधी अक्कल आली मग माणूस उभा राहिला. उलटं आहे. 1974 मधे इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती लूसी, माणसाची जुनी नातलग, 32 लाख वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम साडेतीन फूट, तिचा गुडघा आणि कमरेचं हाड बघितलं तर दोन पायांवर चालणारी, पण तिच्या जातीच्या कवट्या बघाल तर मेंदू जवळपास चिंपांझीएवढाच. मेंदू वाढला तो फार नंतर. मला तर हे मुलांना सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

ठशात कोरडी जागा नीट नाही दिसली तर काळजी नको, लहान मुलांचे तळवे बरेचदा सपाटच असतात. मग तुम्हीच पाय ओले करा आणि त्याच्या शेजारनं चाला.